मातीखालची माणसं

मक्याच्या शेताखाली दोन माणसं पुरलेली आहेत. विहीर खणताना मातीचे थर उघडे पडावेत तशी चित्रकाराने जमीन उभी कापून दाखवली आहे. वर मका उभा आहे, खाली अंधार आहे आणि त्या अंधारात लाल कफनात गुंडाळलेली दोन शवं शेजारी शेजारी पडली आहेत. चेहरे उघडे आहेत. एक चेहरा एमिलियानो सापाताचा, दुसरा ओतिलिओ मोंतान्योचा. चित्राचं नावच सगळं सांगतं: हुतात्म्यांचं रक्त जमीन सुपीक करतं.

हे चित्र मेक्सिको शहराजवळ तेश्कोको परिसरातल्या चापिंगो इथे आहे, पूर्वीच्या शेतकी शाळेच्या आवारातल्या एका जुन्या प्रार्थनामंदिरात. मनुएल गोन्सालेस हा 1880 ते 1884 या काळात मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष होता. त्याच्या जहागिरीचा हा वाडा आणि हे त्या वाड्यातलं देऊळ. मेक्सिकोतल्या क्रांतीनंतर जहागीर गेली आणि 1923 मध्ये राष्ट्रीय कृषिशाळा तिथे आली. चित्रकार दिएगो रिव्हेराने 1924 पासून आधी कचेरीच्या इमारतीत आणि मग 1927 पर्यंत देवळात भिंती रंगवल्या. कचेरीच्या भिंतींवर जमिनीचं वाटप आहे, कामगार आणि शेतकरी यांचा हातात हात आहे, चांगलं सरकार आणि वाईट सरकार आहे. शाळेचं ब्रीदही तिथलंच: इथे जमीन पिकवायला शिकवतात, माणूस पिळायला नाही.

रिव्हेराबद्दल बोलताना लोक सहसा दोन गोष्टींपाशी थांबतात. एक, चित्रकार फ्रीदा काहलोशी त्याचं वादळी लग्न. दुसरी, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधलं चित्र. त्यात त्याने लेनिनचा चेहरा रंगवला, 1933 मध्ये काम बंद पाडण्यात आलं आणि पुढच्या वर्षी भिंत फोडून टाकली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्याची कला समजून घ्यायला त्या फारशा उपयोगाच्या नाहीत. भिंत फोडली म्हणून तिच्यावरचं चित्र थोर ठरत नाही. रिव्हेराची राजकीय कला कशी चालते हे पाहायचं तर चापिंगोला यावं लागतं. इथे त्याचं राजकारण घोषणेतून येत नाही, शेतीच्या क्रमातून येतं.

सापातापासूनच सुरुवात करू, म्हणजे रिव्हेरा त्याच्यापर्यंत कसा पोहोचला इथपासून. गुआनाहुआतो शहरात 1886 मध्ये जन्मलेला रिव्हेरा 1907 साली सरकारी शिष्यवृत्तीवर युरोपला गेला. 1910 मध्ये प्रदर्शनासाठी तो मायदेशी आला, पण क्रांतीची ठिणगी पडली त्या सुमारास पुन्हा पॅरिसला परतला. मेक्सिकोत माणसं मरत होती, तेव्हा हा पॅरिसमध्ये घनवादी चित्रं काढत होता. पुढे त्याच्याबरोबर भित्तिचित्रकार म्हणून गाजलेल्यांपैकी सिकेइरोस क्रांतिसेनेत लढला, ओरोस्कोने प्रेतं जवळून पाहिली. रिव्हेराने यातलं काहीच पाहिलं नाही. तरी 1915 मध्ये त्याने पॅरिसमध्येच एक चित्र काढलं, 'सापातिस्तांचं (सापाताच्या अनुयायांचं) निसर्गचित्र'. त्यात रुंद काठाची टोपी आहे, बंदूक आहे, विणलेली घोंगडी आहे, मागे मेक्सिकोच्या खोऱ्यातले डोंगर आहेत. माणसाचा चेहरा मात्र नाही. दूरदेशी बसलेल्या चित्रकाराला क्रांतिकारक वस्तूंमधूनच दिसत होता.

चापिंगोत त्याला चेहरा मिळाला, पण तोवर तो माणूस मातीखाली गेला होता. मोरेलोस प्रांतातल्या शेतकऱ्यांसाठी जमीन परत मागणारा सापाता 10 एप्रिल 1919 रोजी चिनामेका इथे दगाफटक्याने मारला गेला. आणि शेजारी पडलेला मोंतान्यो? तो शाळामास्तर होता. 1911 साली सापाताच्या चळवळीने जमिनीच्या मागणीचा जाहीरनामा काढला, 'आयाला योजना'. त्याच्या लेखनात मोंतान्योचा मोठा वाटा होता. पण 1917 मध्ये सापाताच्याच माणसांनी त्याच्यावर फितुरीचा आरोप ठेवला आणि त्याला गोळ्या घातल्या. म्हणजे या चित्रात जे दोघं शेजारी निजले आहेत, त्यांतल्या एकाचा जीव दुसऱ्याच्या चळवळीनेच घेतला होता.

हे ठाऊक नसलं तरी चित्र भावतं. ठाऊक असलं की अंगावर येतं. रिव्हेराने खटला पुन्हा चालवला नाही, कोण खरं कोण खोटं याचा निवाडा दिला नाही. दोघांना एकाच रंगाचं कफन दिलं, एकाच मातीत ठेवलं आणि दोघांच्या वर एकच पीक उभं केलं. क्रांती आपल्याच माणसांना खाते, ही गोष्ट त्याने झाकली असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. झाकायचं असतं तर मोंतान्योला वगळणं सोपं होतं. त्याने त्याला मुद्दाम आणून ठेवलं आहे. माती दोघांना सारखंच पोटात घेते आणि दाणा दोघांकडूनही सारखाच घेते, एवढंच तो म्हणतो. राजकीय चित्रात इतका समजूतदारपणा क्वचित दिसतो.

मक्याची निवडही अशीच मुळातून आलेली आहे. माया लोकांच्या पुराणकथेत देवांनी माणूस मक्याच्या पिठातून घडवला. तिथे मका हे नुसतं धान्य नाही, माणसाचं शरीरच आहे. म्हणून सापाताच्या देहावर उभा राहिलेला मका ही ओढून आणलेली प्रतिमा वाटत नाही. शिवाय जागा देवळाची आहे. कॅथलिक देवळात वेदीखाली संतांच्या अस्थी जपून ठेवण्याची प्रथा फार जुनी. रिव्हेराने ती प्रथा तशीच उचलली, फक्त वेदीच्या जागी शेत आणलं. हुतात्म्यांभोवती त्याने तेजोवलय काढलं नाही. त्यांच्या मरणाला पिकाखेरीज दुसरा मोबदला दिला नाही.

आता पूर्ण देऊळ पाहू. आत शिरल्यावर एका बाजूची भिंत समाजाची गोष्ट सांगते: पिळवणूक, कामगार-शेतकऱ्यांसमोर बोलणारा प्रचारक, छुपी संघटना, लढा आणि शेवटी विजय. समोरची भिंत निसर्गाची गोष्ट सांगते: पृथ्वीच्या पोटातल्या शक्ती, बी रुजणं, वाढणं, फुलणं, फळणं. दोन्ही गोष्टी समोरासमोर, पावलाला पाऊल लावून पुढे सरकतात. इकडे गुप्त बैठक, तर तिकडे मातीखाली अंकुर. म्हणजे एक चित्र पाहून पुढे जाता येत नाही, मान वळवून समोरच्या भिंतीकडे पाहावंच लागतं. वर छताच्या कमानींत नग्न पुरुषाकृती बसवल्या आहेत. त्या पाहून कुणालाही मायकेलअँजेलो आठवेल. 'अमेरिका खंडाचं सिस्टीन चॅपल' हे या जागेचं टोपणनाव त्यातूनच आलं. पण चापिंगोचं खरं वैशिष्ट्य छतात नाही, या दोन भिंतींच्या संवादात आहे.

आणि त्या संवादात निसर्गाची भिंत सरस ठरते, हे स्पष्ट म्हणायला हवं. 'बी रुजणं' या चित्रात जमिनीखालच्या अंधारात स्त्रियांचे देह आहेत, मुळांसारखे वळलेले, वर जायला धडपडणारे. तिथे रिव्हेरा काही समजावून सांगत नाही. मातीच्या आत काहीतरी हलतं आहे एवढंच तो दाखवतो आणि क्रांती म्हणजे काय ते समोरच्या भिंतीपेक्षा इथे जास्त कळतं. उलट 'जखडलेली पृथ्वी' या चित्रात भांडवलदार, सैनिक आणि धर्मगुरू पृथ्वीला घेरून बसले आहेत. तिथे तो व्यंगचित्रकार होतो. ते तिघे पाहताक्षणी ओळखू येतात आणि पाहताक्षणी संपतातही. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहावंसं वाटत नाही. चित्रकार रागावला आहे हे आपल्याला कळतं, पण तो राग आपल्यात उतरत नाही.

त्या रागाला काळाची पार्श्वभूमी मात्र होती. ही चित्रं रंगत असतानाच, 1926 च्या उन्हाळ्यात, मेक्सिकोत सरकार आणि चर्च यांचा संघर्ष टोकाला गेला. देवळांतली उपासना थांबली आणि कॅथलिकांचं क्रिस्तेरो बंड पेटलं. ते 1929 पर्यंत चाललं. अशा वर्षांत एका माजी देवळात नग्न देह आणि लाल तारे रंगवणं हे निव्वळ कलेचं काम नव्हतं. ते सरकारच्या आश्रयाखाली, सरकारच्या भिंतीवर, सरकारच्या पैशाने होत होतं, हेही विसरता येत नाही. शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी 1921 मध्ये रिव्हेराला परत आणलं, भिंती दिल्या. 1922 मध्ये तो कम्युनिस्ट पक्षात गेला आणि 1929 मध्ये पक्षाने त्याला काढूनही टाकलं. सरकारी कामं घेतो, हा एक ठपका होता. पुढे तो रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीला आसरा मिळवून देणार होता, अमेरिकेतल्या उद्योगपतींसाठी चित्रं काढणार होता आणि 1954 मध्ये पुन्हा पक्षात येणार होता. इतक्या विसंगतींतून एकसंध विचार शोधत बसणं व्यर्थ आहे. सुदैवाने चित्रं त्याच्या भाषणांपेक्षा शहाणी आहेत.

टोकाच्या भिंतीवर, वेदी असायची तिथे, 'मुक्त पृथ्वी' पहुडली आहे. प्रचंड स्त्रीदेह, गरोदर, एक हात वर उचललेला, दुसऱ्या हातात कोवळा कोंब. तिच्यासाठी रिव्हेराची तेव्हाची पत्नी लुपे मारीन हिने बैठक दिली होती. भोवती वारा, पाणी, अग्नी माणसाच्या कामाला लागले आहेत. उलट टोकाला 'कुमारी पृथ्वी' आहे. ती छायाचित्रकार टीना मोदोत्तीवरून काढलेली. कुशीवर झोपलेली, डोळे मिटलेले, पण हाताने एक रोप जपून धरलेलं. दोन टोकांच्या या दोन स्त्रियांमध्ये देवळाची सगळी लांबी ताणलेली आहे. झोपेपासून जागेपणापर्यंतचा हा प्रवास रेषेतही दिसतो. मोदोत्तीच्या देहाची रेषा आत वळलेली, बंद. लुपेच्या देहाची रेषा मोकळी, ऐसपैस, भिंतीच्या कडांना भिडणारी.

इथे एक खटकणारी गोष्ट नमूद करायलाच हवी. या देवळात लढणारे पुरुष आहेत आणि स्त्री म्हणजे जमीन आहे. ती जखडली जाते, सोडवली जाते, फळते. स्वतः काही करत नाही. मोदोत्ती प्रत्यक्षात चळवळीत वावरणारी, कॅमेरा घेऊन शेतकऱ्यांमध्ये हिंडणारी कार्यकर्ती होती. तिच्या हातात कॅमेरा असलेलं चित्र या भिंतीवर असतं तर! त्याच रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 1923 मध्ये खेड्यातली मास्तरीण रंगवली होती: उघड्या रानात जमिनीवर बसून शिकवणारी, भोवती विद्यार्थ्यांचं कोंडाळं. म्हणजे काम करणारी स्त्री त्याला दिसत नव्हती असं नाही. चापिंगोत मात्र रूपकाने त्याच्यावर मात केली.

तंत्राविषयी थोडं सांगितल्याशिवाय हे रसग्रहण पुरं होणार नाही. हे काम ओल्या गिलाव्यावरचं आहे. गवंड्याने दिवसभरात रंगवून होईल तेवढाच भाग लिंपायचा आणि चुना ओला आहे तोवर पाण्यात घोटलेला रंग लावायचा. मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्यातच कोंडला जातो. चूक झाली तर तो भाग खरवडून नव्याने लिंपायचा. हे तंत्र हाती येईपर्यंत रिव्हेराने बरंच सोसलं. निवडुंगाचा रस मिसळायचा प्रयोगही झाला. त्याने भिंतीवर डाग पडले, म्हणून तो सोडून दिला. चापिंगोपर्यंत त्याचा हात बसला होता. इथले तपकिरी, गेरू, राखाडी रंग मातीतूनच आलेले आहेत आणि सापाताच्या कफनाचा लाल त्या सगळ्यांत म्हणूनच उठून दिसतो.

मराठी वाचकाला या जागेशी आपलं नातं सापडेल ते पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यामुळे. वर्ध्याचे खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पहिल्या महायुद्धात इराणात लढले, बर्लिन आणि मॉस्को पाहून 1924 च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्याच शाळेत शिकवू लागले. मका आणि गहू हे त्यांच्या संशोधनाचे विषय. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या. त्या कामाची छायाचित्रं टीना मोदोत्तीने टिपली आणि रिव्हेराही त्यांच्या परिचयाचा होता. शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेराने 1928 मध्ये 'आपली भाकर' हे चित्र काढलं. त्यात टेबलाशी बसून पाव मोडणारा माणूस म्हणजे खानखोजेच, असं सांगितलं जातं. तो चेहरा त्यांचा असो वा नसो, ज्या वर्षांत रिव्हेरा देवळाच्या भिंतीवर मका रंगवत होता, त्याच वर्षांत त्याच आवारात एक विदर्भातला माणूस मक्याचं वाण सुधारत होता. खानखोजे पुढे मायदेशी परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. चापिंगोत 2022 मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला.

रिव्हेराने पुढे डेट्रॉइटमध्ये मोटारींच्या कारखान्याचं भव्य काव्य रंगवलं, राष्ट्रीय प्रासादाच्या जिन्यावर मेक्सिकोचा अख्खा इतिहास दाटीवाटीने बसवला, रॉकफेलर सेंटरमध्ये फोडलं गेलेलं चित्र 1934 मध्ये मेक्सिको शहरात पुन्हा काढलं. 1957 मध्ये मरेपर्यंत तो थांबला नाही. डेट्रॉइटचं काम रचनेत अधिक बांधीव आहे, प्रासादातलं माहितीने अधिक भरलेलं. पण जिन्यावरचा इतिहास वाचावा लागतो, कोण कोण आहे ते शोधावं लागतं. चापिंगोत नावं माहीत नसलेल्या शेतकऱ्यालाही त्या दोन मृतांचं आणि त्यांच्यावरच्या पिकाचं नातं कळतं, कारण ते त्याच्या रोजच्या कामातलं आहे. राजकीय चित्राकडून याहून जास्त मागता येत नाही. म्हणून रिव्हेराच्या साऱ्या भिंतींत माझ्या लेखी पहिला मान चापिंगोचा.