भारतातून, कुठून तरी

१९४२च्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईतून एका गुप्त रेडिओची उद्घोषणा ऐकू येई. मूळ इंग्रजीतली, तिचा आशय असा : हा काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, भारतातून कुठून तरी. तिची बांधणी पाहा. नाव ठाशीव, तरंगलांबी दशांशापर्यंत चोख, आणि ठिकाणापाशी मुद्दाम धुकं. श्रोत्याला लागतं ते सगळं दिलं, पोलिसांना हवं तेवढं गाळलं. हा रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गिरगाव, वाळकेश्वर, महालक्ष्मी अशा जागा बदलत राहिले, आणि तरी श्रोत्याला तो रेडिओ सापडत राहिला.

चिमूरला या धुक्याचं मोल कळावं. १६ ऑगस्टला तिथे लोक इंग्रजी सत्तेविरुद्ध उठले, पाठोपाठ लष्कर आलं, घराघरांत अत्याचार झाले. वर्तमानपत्रांचे हात बांधलेले. तेव्हा चांदा जिल्ह्यातल्या या गावाची हकीकत, आष्टीच्या हकीकतीसोबत, याच रेडिओने देशाला ऐकवली.

आज एखाद्या कार्यालयातला फाइल सर्व्हर कोसळला तरी काम थांबू नये म्हणून जी व्यवस्था करतात, तिचा गाभा हाच : ओळख कायम, जागा बदलती. कर्मचाऱ्यांचे संगणक ठरावीक यंत्राशी नव्हे, एका आयपी पत्त्याशी जोडलेले असतात. चालतं यंत्र पडलं की जोडीचं यंत्र तोच पत्ता स्वतःकडे घेतं. फायली मात्र दोघांनाही पोचता येईल अशा निराळ्या साठवणीत ठेवतात. रेडिओवाल्यांनीही ध्वनिमुद्रण एकीकडे आणि प्रक्षेपण दुसरीकडे ठेवलं होतं.

पण साम्य इथे संपतं. श्रोता उलट काही मागत नाही. फाइल उघडून बसलेला माणूस तिच्यावर लॉक, म्हणजे इतरांना अडवणारा ताबा, धरून असू शकतो. म्हणून एनएफएस या फाइल-वाटपाच्या पद्धतीचा सर्व्हर पुन्हा उभा राहिला की काही काळ, लिनक्सवर सहसा ९० सेकंद, नवं लॉक कुणालाच देत नाही. ज्यांच्याकडे आधी होतं, त्यांनी येऊन आपला हक्क सांगायचा. सगळे खोळंबलेले असताना यंत्राने दाखवलेला हा धीर मला फार आवडतो.

१२ नोव्हेंबरला पोलीस महालक्ष्मीच्या जागेवर पोचले. ट्रान्समीटर जोडून देणारा तंत्रज्ञ त्यांच्या हाती लागला होता, त्यानेच वाट दाखवली. उद्घोषणेने साऱ्या देशापासून लपवलेला पत्ता त्याला ठाऊक असणं भागच होतं. दोन सर्व्हर मांडून दोन्ही एकाच वीजजोडणीवर चालवावेत, तसं झालं.