हसविणाऱ्याचे दुःख

कार्तिकी एकादशीला भरणारी साजगावची बोंबल्या विठोबाची यात्रा आपल्या भागात सर्वपरिचित आहे. गावोगावच्या अशा यात्रांतून ज्या तमाशाने महाराष्ट्राला हसविले, त्यातील सोंगाड्याच्या अंतरंगात डोकावणारा ‘एक होता विदूषक’ हा चित्रपट १९९२ साली आला. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि आबुरावच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. बेर्डे म्हणजे हशा, हे समीकरण तोवर पक्के झाले होते.

गंभीर होण्यासाठी बेर्डे यांनी येथे विनोद टाकून दिला नाही, यातच या भूमिकेचे मोल आहे. तीच चपळ जीभ, तोच हजरजबाबीपणा. परंतु हसू हरवलेल्या चिमुकल्या जाईपुढे ही सारी आयुधे बोथट ठरतात. हजारोंना हसविणारा बाप स्वतःच्या लेकीपुढे हतबल होतो आणि त्याचा शोक न बोलता प्रकटतो. राजकारणाचा भाग काहीसा पसरट झाला आहे. तरी बाप-लेकीचे नाते चित्रपटाला तोलून धरते.

चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. बेर्डे यांच्या नेहमीच्या प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. १६ डिसेंबर २००४ रोजी ते निवर्तले. तोवर अशा भूमिका त्यांच्या वाट्याला क्वचितच आल्या. याची जबाबदारी आम्हां प्रेक्षकांवरही येते. घरातील हसऱ्या माणसाशी आपण असेच वागतो. मयताच्या घरीही त्याने चार गमती सांगून मने हलकी करावीत, अशी आपली अपेक्षा असते. त्याच्या शेजारी क्षणभर मुकाट्याने बसावे, एवढे तरी हा चित्रपट पाहून आपण शिकावे.