हळद, कुंकू आणि क्षार : वनस्पतिज रंगांच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

वनस्पतींपासून मिळणाऱ्या रंगांविषयी मराठीत अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. होळीकरिता पळसाच्या फुलांचा रंग कसा काढावा, घरच्या घरी कुंकू कसे करावे, जुने चित्रकार कोणते रंग वापरीत, अशा विषयांवरील लेख वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि शालेय उपक्रमपुस्तिकांतून वारंवार वाचावयास मिळतात. या लेखनाचा हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु त्याची भाषा तपासून पाहिली असता असे आढळते की, ज्या दोन-तीन रासायनिक भेदांवर हा सारा विषय उभा आहे तेच भेद ती पुसून टाकते. शब्द सैल वापरल्यामुळे स्पष्टीकरण चुकते, आणि चुकलेले स्पष्टीकरण विद्यार्थ्याला पडताळूनही पाहता येत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. प्रस्तुत लेखात हळदीपासून होणारे कुंकू हे एक उदाहरण मुख्यतः घेऊन या परिभाषेची चिकित्सा करावयाची आहे.

उदाहरण म्हणून हळद निवडण्याचे कारण उघड आहे. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसर केळी आणि हळद या दोन पिकांसाठी प्रसिद्ध आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या पट्ट्यातील शेतकऱ्याची शब्दसंपत्ती पाहिली तर तीत जेठे गड्डे, अंगठा गड्डे, सोरा गड्डे आणि हळकुंडे असे कंदाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या नावांनी सांगितलेले आढळतात. काढलेली हळद शिजवावी लागते, वाळवावी लागते आणि मग पॉलिश करावी लागते. शिजवण्याच्या क्रियेत कंदातील पिष्ट फुगून एकजीव होते आणि ठराविक पेशींत साठलेला पिवळा पदार्थ सबंध कंदात पसरतो. कच्चे हळकुंड मोडले तर रंग ठिपक्याठिपक्यांनी दिसतो आणि शिजवून वाळवलेले मोडले तर सारखा दिसतो, याचे कारण हेच.

हा पिवळा पदार्थ म्हणजे करक्युमिन. फोगेल आणि पेल्तिए यांनी तो १८१५ मध्ये प्रथम वेगळा केला. त्याची संरचना मिलोबेंझ्का, कोस्टानेकी आणि लाम्पे यांनी १९१० मध्ये निश्चित केली. त्याच्या रेणूत कार्बनाचे २१, हायड्रोजनाचे २० आणि ऑक्सिजनाचे ६ अणू असतात. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलात विरघळतो. स्वयंपाकघरात फोडणीच्या तेलात हळद टाकली की रंग तत्काळ उतरतो, उलट साध्या पाण्यात ढवळलेली हळद काही वेळाने तळाशी बसते, हा रोजचा अनुभव याच गुणधर्माचा आहे.

आता कुंकवाकडे वळू. पंढरपूर आणि करमाळा तालुक्यातील केम ही कुंकवाच्या व्यवसायाची प्रसिद्ध गावे. कुंकू करण्याच्या पारंपरिक कृतीत हळकुंडांना टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस यांचे मिश्रण लावतात, ती वाळवतात आणि कुटतात. दुसरी, अधिक सोपी कृती हळदीत चुना मिसळण्याची. या दोन्ही कृतींचे स्पष्टीकरण म्हणून आपल्या लेखांतून एकच वाक्य फिरत असते : ‘क्षारामुळे हळद लाल होते.’ हे वाक्य दोन ठिकाणी सदोष आहे. एक दोष रसायनाचा आहे, दुसरा शब्दाचा.

रसायनाचा दोष प्रथम पाहू. चुन्याच्या कृतीपुरते हे वाक्य खरे आहे. अल्कलीच्या सान्निध्यात करक्युमिनच्या रेणूतील हायड्रोजन निघून जातो, त्याची प्रकाश शोषण्याची रीत बदलते आणि पिवळा रंग तांबडा होतो. मुरगळलेल्या पायावरील हळद-चुन्याचा लेप लाल होतो तो यामुळेच, आणि हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होऊन धुतल्यावर पुन्हा पिवळा होतो तोही यामुळेच. ही क्रिया उलटणारी आहे. लिंबू पिळले की लाली जाते. मग पहिल्या कृतीत लिंबाचा रस मुद्दाम घालतात तो कशासाठी? अल्कली हेच लालीचे कारण असेल तर अम्ल घालणारा कारागीर आपल्याच हाताने आपले काम बिघडवीत आहे असे म्हणावे लागेल. हा विरोध इतका ढळढळीत असूनही आपल्या लेखांतून त्याची दखल घेतलेली क्वचितच दिसते.

उत्तर टाकणखारात आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, ज्याला सवागी असेही नाव आहे. अम्लाच्या योगाने त्यातून बोरिक अम्ल मोकळे होते. आणि अम्लयुक्त स्थितीत, विशेषतः मिश्रण कोरडे होत असताना, बोरॉन आणि करक्युमिन यांची लाल संयुगे बनतात. रोझोसायनिन हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्यात बोरॉनच्या एका अणूभोवती करक्युमिनचे दोन रेणू बांधलेले असतात. रसायनशाळेत बोरेट ओळखण्याकरिता हळदीचा कागद वापरतात तो याच आधारावर : अम्लयुक्त द्रावणात बुडवून वाळवला की कागद तांबूस होतो, ही लाली अम्लाने जात नाही, आणि त्यावर अल्कलीचा थेंब टाकला तर तो हिरवट-काळा पडतो. तेव्हा टाकणखार आणि लिंबू या जोडीचे कुंकू चुन्याच्या कुंकवासारखे नाही. पहिल्यात नवे संयुग तयार होते. दुसऱ्यात त्याच पदार्थाचे रूप तात्पुरते बदलते. लिंबाच्या रसाचा एक थेंब दोहोंतील फरक दाखवू शकतो. ज्या स्पष्टीकरणातून ही साधी परीक्षा सुचत नाही ते अपुरे समजले पाहिजे.

आता शब्दाचा दोष. ‘क्षार’ या शब्दाचे मराठीत आज किमान दोन शास्त्रीय अर्थ प्रचलित आहेत. बालभारतीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ‘आम्ल’, ‘आम्लारी’ आणि ‘क्षार’ अशी त्रयी आहे. तेथे अम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने क्षार व पाणी मिळते, म्हणजे क्षार हा मिठाच्या वर्गातील पदार्थ होय. मराठी विश्वकोशात मात्र मिठाच्या वर्गाला ‘लवण’, त्याच्या जनकाला ‘क्षारक’, आणि अल्कलीच्या गुणधर्माला ‘क्षारीय’ म्हटले आहे. पाठ्यपुस्तक वाचून आलेला विद्यार्थी ‘क्षारामुळे हळद लाल होते’ हे वाक्य वाचून हळदीत मीठ टाकील तर काहीच घडणार नाही, आणि दोष त्याचा असणार नाही. विश्वकोशाच्या परंपरेतील वाचकाला तेच वाक्य खरे वाटेल. एकाच भाषेत एकच वाक्य एका वर्गात असत्य आणि दुसऱ्या वर्गात सत्य ठरावे, ही परिभाषेची गंभीर अवस्था आहे.

या गोंधळाचे मूळ शोधताना लोकभाषेकडे पाहणे उद्बोधक ठरते. संस्कृत ‘क्षार’ पासून आलेला ‘खार’ हा शब्द टाकणखार, पापडखार, सज्जीखार, जवखार अशा सामासिक शब्दांत अल्कलीच्या गुणाचे पदार्थ दाखवितो. त्यांपैकी जवखार म्हणजे यवक्षार, सातूच्या झाडाच्या राखेतून काढलेला. ‘अल्कली’ हा मूळचा अरबी शब्दही वनस्पतीच्या राखेचाच वाचक आहे. हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जात असे. त्यामुळे मराठवाड्याच्या जुन्या सुशिक्षित पिढीला अरबी-फारसी मुळाची शास्त्रीय परिभाषा परिचित होती. दोन भिन्न भाषाकुलांनी राखेवरूनच नाव घ्यावे हे योग्यच होते, कारण रंगाऱ्याला आणि पापड लाटणाऱ्या गृहिणीला अल्कली मिळत होती ती राखेतून किंवा खारट मातीतून.

तथापि लोकभाषेत सर्व शास्त्र सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याच ‘खार’ पासून ‘खारा’ आणि ‘खारट’ ही मिठाच्या चवीची विशेषणे झाली आहेत. पाठ्यपुस्तकातील अर्थ अगदीच निराधार नाही तो यामुळे. आणि टाकणखाराचीच गोष्ट पाहिली तर घटनेने तो बोरिक अम्लाचे लवण आहे, वर्तनाने मात्र त्याचे द्रावण अल्कलीसारखे आहे. अशा पदार्थाला ‘खार’ म्हणताना लोकभाषेने वर्तन टिपले, घटना टिपली नाही. ‘कुंकू’ हा शब्दही हेच सांगतो. संस्कृतात ‘कुंकुम’ म्हणजे केशर. केशराचा रंग क्रोसिनचा असून तो पाण्यात विरघळतो; हळदीशी त्याचे रासायनिक नाते नाही. मराठीत तेच नाव हळदीच्या लाल पुडीला मिळाले, कारण नाव रंगामागे आणि उपयोगामागे चालत आले, पदार्थ मागे राहिला. उलट, हळद लाल होताच तिला हळद न म्हणता कुंकू म्हणणे यात पदार्थ पालटल्याची जाणीव आहे. तेव्हा लोकशब्द हा पुरावा म्हणून घ्यावा, निर्णय म्हणून घेऊ नये.

दुसरा पुसट झालेला भेद ‘रंजक’ आणि ‘रंगद्रव्य’ यांचा. जे माध्यमात विरघळून धाग्यात शिरते ते रंजक. जे माध्यमात न विरघळता कणरूपाने राहते आणि ज्याचा थर द्यावा लागतो ते रंगद्रव्य. पण जीवशास्त्राच्या मराठीत फुलाच्या पेशीरसात विरघळलेल्या अँथोसायनिनलाही रंगद्रव्यच म्हणतात, आणि लोकप्रिय लेखांत तर ‘रंग’ या एका शब्दावर दोहोंचे काम भागवले जाते. यामुळे वनस्पतिज रंजकापासून रंगद्रव्य कसे करावयाचे, हा मूळ प्रश्नच मराठीत विचारणे कठीण झाले आहे.

ती कृती वस्तुतः सोपी आहे. मंजिष्ठाच्या मुळ्या पाण्यात उकळून रंग उतरवावयाचा, त्यात तुरटी विरघळवावयाची, आणि मग पापडखारासारख्या अल्कलीचे द्रावण थोडे थोडे घालावयाचे. फेस येतो, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका तयार होतो आणि तो रंजकाला धरून खाली बसतो. साका धुऊन, वाळवून, घोटला की चित्रकाराचे रंगद्रव्य मिळते. अशा रंगद्रव्याला युरोपीय भाषांत ‘लेक’ म्हणतात, आणि हा शब्द फारसी व लॅटिन वाटांनी संस्कृत ‘लाक्षा’ पासून गेलेला आहे. लाख कीटकज आहे, वनस्पतिज नव्हे. पण कृतीचे नाव तिच्यावरून पडले. मंजिष्ठातील ‘मंजिस्टिन’ हे द्रव्यही आपल्याच शब्दाचे वंशज. आणि नीली वरून अरबी व पोर्तुगीज मार्गाने ‘ॲनिलीन’ हे नाव आले. ज्या ॲनिलीनपासून १८५६ मध्ये पर्किनने पहिले महत्त्वाचे कृत्रिम रंजक बनविले, आणि ज्याच्या नावाने पुढे सबंध कृत्रिम रंगांचा उद्योग ओळखला गेला, त्याच्या नावात आमची नीळ आहे. मराठी कानाला ‘लेक’ म्हणजे अपत्य. म्हणून तो शब्द परत घेताना ‘लाक्षक’ असे रूप स्वीकारावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तिसरा शब्द ‘नैसर्गिक रंग’. अजिंठ्याची चित्रे पानाफुलांच्या रंगांनी रंगविली, असे विधान आपल्याकडे अद्याप सर्रास केले जाते. एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकात केलेल्या रासायनिक परीक्षणापासून हे ज्ञात आहे की, ते रंग मुख्यतः खनिज आहेत : तांबड्या-पिवळ्या लोहयुक्त माती, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी लाजवर्द. ‘नैसर्गिक’ हा शब्द खनिज आणि वनस्पतिज या दोहोंना झाकतो, आणि वाचक सोयीचा अर्थ घेतो. हळद तर भिंतीवर टिकलीच नसती. चुन्याच्या संपर्काने ती लाल झाली असती आणि उजेडाने उडाली असती.

हा भेद बाजारातही महत्त्वाचा आहे. हळदीत भेसळीकरिता वापरलेले मेटॅनिल यलो हे पाण्यात विरघळणारे रंजक आहे, तर लेड क्रोमेट हे न विरघळणारे, शिसेयुक्त रंगद्रव्य. ‘पाण्यात टाकून रंग सुटतो का पाहा’ ही सूचना पहिल्याला पकडते, दुसऱ्याला मोकळे सोडते. आणि अधिक घातक दुसरेच आहे. दोहोंना नुसते ‘कृत्रिम रंग’ म्हटले की सूचना पुरेशी असल्याचा भास होतो.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वनस्पतिज रंगांविषयी लिहिताना ‘क्षार’ हा शब्द एकटा वापरू नये. ‘अल्कली’ किंवा ‘लवण’ यांपैकी जे अभिप्रेत असेल ते स्पष्ट लिहावे, आणि शक्य तेथे चुना, टाकणखार, पापडखार असे पदार्थाचेच नाव द्यावे. रंजक व रंगद्रव्य हा भेद विद्राव्यतेवर ठेवावा, आणि जीवशास्त्रातील निराळा वापर निराळा म्हणून नोंदवावा. ‘नैसर्गिक’ ऐवजी ‘वनस्पतिज’, ‘कीटकज’ अथवा ‘खनिज’ असे म्हणावे. अर्धापूरच्या शेतकऱ्याने गड्ड्याला आणि हळकुंडाला निराळी नावे दिली, कारण एक बेण्याला जातो आणि दुसरे बाजारात. परिभाषाकारालाही आपले शब्द वेगळे ठेवावयाचे असतील तर त्यांचा उपयोग कोठे वेगळा होतो हे असेच पाहावे लागेल.