‘मसीहा’ शब्दाचें कूळशील

हल्लीं वृत्तपत्रांच्या मथळ्यांत व सभांच्या फलकांवर ‘गरिबांचा मसीहा’ हा शब्दप्रयोग वारंवार आमच्या दृष्टीस पडतो. परभाषेंतून शब्द घेण्यास आमचा विरोध नाहीं. मराठी त्यायोगें संपन्नच झाली आहे. परंतु घरांत घ्यावयाच्या शब्दाचें कूळशील आधीं पाहावें, हें बरें.

मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तेलानें अभिषेक केलेला’. आमच्याकडील ‘मूर्धाभिषिक्त’ हा शब्द त्यास बराच जवळचा. यहुदी राजे व मुख्य याजक यांस हें विशेषण लागे. इतकेंच नव्हे, तर यशयाच्या ग्रंथांत ४५ व्या अध्यायाच्या आरंभीं तें इराणच्या सायरस राजास लाविलें आहे. तो ना यहुदी, ना त्यांच्या देवाचा उपासक, परंतु इ. स. पूर्व ५३९ मध्यें त्यानें बाबिलोन जिंकलें व तेथील यहुद्यांस स्वदेशीं परतण्याची मोकळीक दिली. तात्पर्य, हा शब्द प्रथम देवत्वाचा नसून सोंपविलेल्या कार्याचा वाचक होता. अंतिम त्रात्याची कल्पना त्यास पुढें चिकटली. ग्रीकांत त्याचें ‘ख्रिस्तोस’ झालें, अरबींत ‘मसीह’. आणि येशूनें रोग्यांस बरें केल्याच्या कथांवरून उर्दू काव्यांत ‘मसीहा’ म्हणजे व्याधि हरण करणारा, असाही अर्थ रूढ झाला. तेथून हिंदीच्या वाटेनें हा शब्द आमच्या दारीं आला.

ह्या प्रवासांत एक गोष्ट मात्र हरवली. दावीद राजा अभिषिक्त खरा. पण त्यानें उरीयाच्या पत्नीचा अपहार करून त्यास युद्धांत मारविलें, तेव्हां नाथान संदेष्ट्यानें त्याचा अपराध तोंडावर सांगितला आणि राजानें तो कबूल केला. अभिषेकानें जबाबदारी वाढे, सुटत नसे. उलट, जाब विचारणें थांबलें म्हणजे काय होतें, हें शब्बताई झवी याच्या चरित्रांत दिसतें. तुर्की साम्राज्यांतील ह्या गृहस्थास १६६५ सालीं असंख्य यहुद्यांनीं मसीहा मानिलें. दुसऱ्याच वर्षीं सुलतानाच्या दरबारीं त्यानें इस्लाम स्वीकारला; तरी कित्येक भक्तांनीं त्यांतही गूढ हेतूच शोधिला!

आमच्या सभांतील ‘मसीहा’ ह्याच दुसऱ्या जातीचा आहे. त्यास प्रश्न विचारणारा द्रोही ठरतो. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पुढाऱ्यास फार तर ‘कैवारी’ म्हणावें. कैवारी आपल्या बाजूनें भांडतो, परंतु भांडण आपलेंच राहतें. ‘मसीहा’ म्हटलें कीं आपण हात जोडून मोकळे होतों. मुलांनीं निबंधांत हा शब्द लिहिल्यास, ह्या थोर पुरुषास जाब कोणीं विचारावयाचा, एवढें वडील मंडळींनीं अवश्य पुसावें.