भंगार वेचणारीचे कूळ

लोकप्रिय कलाकृतीवर प्रेक्षक चिडतात तेव्हा ते फक्त तिच्यातील दोषांवर चिडलेले असतात, असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्यांच्या मनातला कोणता आधार तिने हलवला, हे समीक्षेने शोधले पाहिजे. रायन जॉन्सन यांचा 'द लास्ट जेडाय' हा 'स्टार वॉर्स' मालिकेतील विज्ञानपट डिसेंबर २०१७ मध्ये आला आणि चाळीस वर्षांचा चाहतावर्ग उभा दुभंगला. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत त्याला 'ए' श्रेणी मिळाली. 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर दहापैकी नऊ समीक्षकांनी तो उचलून धरला. तेथेच मत नोंदवणाऱ्या प्रेक्षकांपैकी मात्र निम्म्यांनीही त्याला पसंती दिली नाही. हा भाग मालिकेतून रद्दबातल ठरवावा, अशा मागणीवर लाखभर सह्या झाल्या. एवढे बिघडले तरी काय होते?

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. जॉर्ज ल्यूकस यांनी १९७७ मध्ये ती सुरू केली. तिच्यात 'फोर्स' नावाची एक शक्ती आहे. ती चराचरात भरलेली आहे, असे गुरू सांगतात. पण ती प्रकटते कोणात? ल्यूक स्कायवॉकरमध्ये, आणि १९८० च्या भागात कळते की मालिकेतला महाबलाढ्य खलपुरुष हाच ल्यूकचा बाप. १९९९ च्या भागात तर ही शक्ती रक्त तपासून मोजता येते. म्हणजे तत्त्वज्ञानात शक्ती सर्वांची, कथेत ती एका घराण्याची. हा अंतर्विरोध आपल्याला परका नाही. सर्वांभूती ब्रह्म पाहणाऱ्या समाजानेच पाणवठे वेगळे ठेवले होते.

२०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये रे ही नायिका आली. वाळवंटात भंगार वेचून पोट भरणारी, आईबापांनी टाकलेली मुलगी. तिच्यात शक्ती दिसताच दोन वर्षे चाहते एकच प्रश्न विचारत राहिले : ही कोणाची? कोणी तिला ल्यूकची मुलगी ठरवले, कोणी जुन्या गुरूची नात. ती कोणाचीच नसेल, हे मानायला फार थोडे तयार होते. 'द लास्ट जेडाय'ने उत्तर दिले : तिचे आईबाप भंगारवाले होते, दारूच्या पैशांसाठी त्यांनी पोर विकली आणि कंगालांच्या थडग्यात ते पुरले गेले.

या चित्रपटावरचे सगळे आक्षेप कुळापोटी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बालपणीचा वीर ल्यूक येथे बेटावर दडून बसलेला, हरलेला म्हातारा होतो. त्याचे दुःख खरे होते. जुगारनगरीचा मधला प्रसंग रेंगाळतो, हेही खरे. पण संतापाने कोणाला गाठले ते पाहावे. व्हिएतनामी निर्वासितांची मुलगी केली मेरी ट्रान हिने रोझ या यंत्र-कामगार स्त्रीची भूमिका केली. तिच्या वंशावर आणि रूपावर इतके गरळ ओकले गेले की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचे आपले सारे लेखन पुसून टाकले. कोणी एकाने स्त्रियांची कामगिरी कापून चित्रपटाची ४६ मिनिटांची आवृत्ती काढली. मूळ चित्रपट अडीच तासांचा आहे!

मराठी वाचकाने याकडे परक्यांचे भांडण म्हणून पाहू नये. आपला लाडका उपेक्षित कोण? कर्ण. 'मृत्युंजय' आणि 'राधेय' घरोघर वाचली गेली. पण सूतपुत्र म्हणून हिणवलेल्या कर्णासाठी आपण रडतो, ते तो मुळात सूर्यपुत्र आणि कुंतीपुत्र आहे हे ठाऊक असते म्हणून. क्षत्रियाला चुकून सूत ठरवले, ही त्या दुःखाची जात आहे. तो खरोखरच अधिरथाचा मुलगा असता तर? एकलव्याला असे गुप्त कूळ नव्हते; त्याचा अंगठा गेला आणि कथा पुढे निघून गेली. चाहत्यांना रे ही कर्ण म्हणून हवी होती. जॉन्सन यांनी तिला एकलव्याच्या रांगेत नेऊन बसवले.

पण या चित्रपटाचा नकारही अर्धामुर्धा आहे. योडा हा गुरू प्राचीन ग्रंथांचे झाड वीज पाडून जाळतो. २५ डिसेंबर १९२७ चे महाड ज्यांच्या स्मृतीत आहे, ते येथे सावरून बसतात. शेवटी दिसते की ग्रंथ रेने आधीच काढून नेले होते. जळाले ते नुसते झाड. फिनचे तसेच. बालपणीच पळवून नेलेला, नावाऐवजी क्रमांक मिळालेला, सफाईच्या कामाला लावलेला हा काळा शिपाई बंड करतो. मालिकेतले सर्वांत सच्चे बंड हेच. येथे मात्र तो आडवाटेच्या कामगिरीवर धाडला जातो. आपल्याला बाजूला सारल्याची तक्रार जॉन बोयेगा या नटाने २०२० मध्ये उघडपणे केली. अखेरच्या दृश्यात तबेल्यातल्या गुलाम पोराच्या हाती झाडू आपोआप येतो आणि तो आकाशाकडे पाहतो. दृश्य सुंदर आहे. पण ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या जातीने झाडू दिला, ते विचारणार : हा खाली कधी ठेवणार? पुढच्या भागात तो पोरगाच नाही.

पुढचा भाग म्हणजे डिसेंबर २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर'. त्यात भंगार वेचणारी रे सम्राटाची नात निघाली. रोझ जेमतेम मिनिटभर उरली. शेवटी एक म्हातारी रेला नाव विचारते. नुसत्या 'रे'ने तिचे समाधान होत नाही. रे कोण, असे ती पुन्हा विचारते. रे उत्तरते, स्कायवॉकर. यात रक्ताचे कूळ नाकारले आहे, असे या चित्रपटाचे चाहते म्हणतात. पण एक कूळ टाकताना दुसऱ्या थोर कुळाचे नाव का लावावे लागते? नाव सांगितल्यावर 'पूर्ण नाव?' हा प्रश्न कशासाठी येतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना वर्गात आणि भाड्याची खोली शोधताना कळलेले असते.

हा मोह आपल्यालाही सुटलेला नाही. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी सैन्यभरतीसाठी अर्ज केला, तेव्हा आम्ही मूळचे क्षत्रिय, असा दावा करावा लागला. त्या काळात त्याला इलाज नव्हता. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते कुळाचा दाखला दाखवून नव्हे, माणूस म्हणून. आजही आपल्या कथांतला नायक शेवटी कोणा थोराचा वंशज निघाला की टाळ्या पडतात. त्या टाळ्या कशासाठी पडतात, हे आपल्या समीक्षेने न घाबरता विचारले पाहिजे. भंगार वेचणारीची मुलगी भंगार वेचणारीचीच राहून मोठी होते, अशी कथा आपल्याला लिहायची आहे. आणि ती कोणाच्या दबावाने पुढच्या भागात फिरवायची नाही.