ऋतूचा आलेख आणि सुट्टीचे कॅलेंडर

साथीच्या रोगांचा आलेख काढायला दिला, की मुले आडव्या अक्षावर बारा महिने आणि उभ्या अक्षावर रुग्णसंख्या मांडतात. उंचवटा दिसला की त्याखाली त्या महिन्याचे हवामान लिहून मोकळी होतात. डेंग्यूच्या बाबतीत हे चालून जाते. पाणी साचते, डास वाढतात, अशी कार्यकारणाची साखळी तिथे दाखवता येते. ग्लँड्युलर फीवर, म्हणजेच संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस, या रोगात मात्र ही सवय फसवते. ताप, घसादुखी, मानेतल्या सुजलेल्या गाठी आणि आठवडेच्या आठवडे न हटणारा थकवा ही त्याची लक्षणे.

या संदर्भात रॉबर्ट होगलँड या अमेरिकन लष्करी डॉक्टरांचा १९५५ सालचा निबंध आजही तपासून पाहण्याजोगा आहे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतले छात्र नाताळच्या सुट्टीनंतर महिना-दीड महिन्याने आजारी पडतात, हे त्यांच्या ध्यानात आले. दिवस ऐन थंडीचे. पण होगलँडनी थंडीला दोष दिला नाही. सुट्टीतली चुंबने, त्यांतून आलेली लाळ आणि रोगाचा लांब अधिशयन काळ असा त्यांनी हिशेब मांडला. थर्मामीटर बाजूला ठेवून कॅलेंडर वाचण्याची ही युक्ती मला फार आवडते. कारण तेव्हा रोगाचा विषाणूही ठाऊक नव्हता! एपस्टाईन, अचाँग आणि बार यांना तो १९६४ मध्ये बर्किट अर्बुदाच्या पेशींत दिसला आणि या रोगाशी त्याचे नाते हेन्ले दाम्पत्याने १९६८ मध्ये जुळवले.

तरीही होगलँडच्या मांडणीतले काही दुवे कच्चे वाटतात. आजारी छात्रांनी सुट्टीत चुंबन घेतले होते, एवढ्याने भागत नाही. धडधाकट राहिलेल्यांपैकी किती जणांनी घेतले होते, हेही कळायला हवे. शिवाय संसर्ग झालेल्याच्या लाळेत हा विषाणू महिनोन्महिने आणि पुढे अधूनमधून जन्मभर उतरत राहतो. तेव्हा नेमक्या एका भेटीवर बोट ठेवणे कठीण.

पण खरी अडचण वयाची आहे. अशा आलेखात मोजले जातात ते आजारी पडलेले, संसर्ग झालेले नव्हेत. वेस्ट पॉइंटमध्येच पुढे छात्रांची रक्ततपासणी करून चार वर्षे पाहणी झाली. ती १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे दोन-तृतीयांश छात्रांच्या रक्तात प्रवेशाच्या वेळीच प्रतिद्रव्ये सापडली. म्हणजे त्यांचा संसर्ग बालपणीच, कोणत्या ऋतूत ते न कळता, होऊन गेलेला. उरलेल्यांपैकी ज्यांना पहिल्या वर्षात संसर्ग झाला, त्यांतलेही जेमतेम पाव जणच ओळखण्याइतके आजारी पडले.

बालवयात हा विषाणू बहुधा काही लक्षणे दाखवत नाही. संसर्ग पौगंडावस्थेपर्यंत लांबला तरच रोग डोके वर काढतो. आपल्याकडे भरल्या घरांत, एका ताटा-पेल्यात वाढणाऱ्या मुलांना तो लवकर गाठतो. म्हणून कॉलेजच्या वयात हा रोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसतो. ‘उष्ण हवामानात हा रोग होत नाही’ असा अर्थ यातून सहज काढला जातो आणि तो चूक आहे.

वर्गात तोच आलेख वयोगटांप्रमाणे निरनिराळ्या रंगांत काढून पाहावा. पाच वर्षांखालच्या मुलांची रेषा बाराही महिने तळाला चिकटलेली दिसेल, आणि आपल्याकडचा बहुतेक संसर्ग त्याच रेषेखाली होऊन गेलेला असेल.