कानातले भूत

जोगेश्वरीहून लोकल सुटली की शेजारची मुले कानाला यंत्र लावून भुताच्या गोष्टी ऐकू लागतात. त्याला पॉडकास्ट म्हणतात. एकाने मलाही ऐकवले. निवेदकाचे कसब मानले पाहिजे. आवाज केव्हा खाली आणावा, कुठे थांबावे, हे कीर्तनकारानेही शिकावे.

खटकले ते वेगळेच. नारायण धारपांनी भयकथा लिहिल्या, त्या कथा म्हणूनच. येथे पुष्कळदा ‘श्रोत्याचा खरा अनुभव’ म्हणून सांगतात, पडताळणी मात्र नाही. गोष्ट संपते, भीती उरते. आणि घाबरलेला जीव मांत्रिकाचे दार शोधतो.

सज्जनहो, एकनाथ महाराजांनीही भुताचे भारूड रचले. श्रोता आधी दचकतो. पण झपाटणारे ते भूत शेवटी देवच निघते. नाथांनी भय दाखवले ते भक्तीकडे वळवण्यासाठी. शिवाय भारूड चारचौघांत ऐकायचे, त्यात हसू फुटते, भीती वाटली जाते. कानातली गोष्ट एकट्याने ऐकायची, तीही रात्री अंथरुणात.

मुलांवर रागावू नये. त्यांना गोष्टीची भूक आहे. ‘हे कोणी पाहिले?’ एवढे विचारायला शिकवावे, आणि एकदा भारुडाला सोबत आणावे. लागायचेच तर पंढरीचे भूत लागो.